मळ्यातली तयारी शाळा

नवसाबाई : बसायला नाय आले मी, महेश. तो कागद वाच.

महेश : काकी, मे महिन्याचं ऊन आहे. पंखा मोठा करतो. पाणी घ्या आधी.

नवसाबाई : पाणी घरून पिऊन आले. वाच. सूनबाईनं वाचून दाखवलाय, पण मला तुझ्या तोंडून ऐकायचाय. तू या शाळेचा सेक्रेटरी ना?

महेश : अहो, छापील पत्र आहे ते. सगळ्यांना सारखंच गेलंय. कॉम्प्युटरमधून निघतं.

नवसाबाई : मंग छापील वाच.

महेश : "नर्सरी प्रवेश, सन २००९-१०. प्रिय पालक, आपली पाल्य कुमारी वेदिका जीवन हिची मुलाखतीतून निवड होऊ शकली नाही, हे कळवण्यास खेद वाटतो. तिच्या उज्ज्वल भवितव्यासाठी संस्थेतर्फे शुभेच्छा."

नवसाबाई : साडेतीन वर्साची हाय ती. तिच्या भवितव्याला शुभेच्छा देतो व्हय रे? अजून चप्पल उलटी घालती पोरगी.

महेश : काकी, मला एक फोन केला असतात तर इथवर आलंच नसतं. आत्ता करून टाकतो. दोन सीट मॅनेजमेंटच्या हातात असतात. वेदिकाची ॲडमिशन झाली असं समजा.

नवसाबाई : फोन करायचा. आणि काय म्हणायचं? तुझी खुर्ची ज्या जागेवर हाय ती माझ्या मालकानं दिली, त्याच्या नातीला आत घे, म्हणून हात जोडायचे?

महेश : असं कुठं म्हणालो मी?

नवसाबाई : मला शिफारस नको. कारण पायजे. का नाय घेतली?

महेश : ते पॅनेलचं असतं. रिमार्क शीट असतं. कॉन्फिडेन्शियल.

नवसाबाई : म्हंजे?

महेश : म्हणजे गुप्त.

नवसाबाई : साडेतीन वर्साच्या पोरीचं काय गुप्त असतंय? काढ बाहेर. मी उठत नाय. उठत नाय काय, बसलेच नाय अजून. उभीच ऱ्हाते संध्याकाळपत्तुर.

महेश : बरं. बरं, ओरडू नका. हे बघा. "रंग ओळखले. फळे, फुले ओळखली. फुलांची नावे विचारल्यापेक्षा जास्त सांगितली."

नवसाबाई : सांगणारच. झोळीत व्हती तवापासून फुलांतच हाय ती. पुढं?

महेश : "बोलणे मराठीत, ग्रामीण ढब. घरी इंग्रजीचे वातावरण नाही."

नवसाबाई : पुढं.

महेश : पुढं पालकांचा रकाना आहे. "आई : दहावी. उत्तरे दिली."

नवसाबाई : थांबलास का? बापाचं वाच.

महेश : "वडील : प्रतिसाद नाही."

नवसाबाई : हां. आता मी सांगते प्रतिसाद. शनिवारी माझा जीवन इथून घरी आला. गाडी लावली आणि तडक मळ्यात गेला. पाटाच्या कडेला बसला. जेवला नाय. दुसरी पाळी व्हती त्याची अंबडला, कंपनीत चार वर्सांत एक खाडा नाय केला पोरानं, तो गेला नाय. इचारलं तर मान हलवली फक्त. आज बुधवार हाय. पाच दिवस झाले, घरात 'हां' आणि 'नाय' सोडून तिसरा शब्द नाय त्याचा. काय इचारलंत तुम्ही त्याला?

महेश : काही विशेष नाही. नव्या कोऑर्डिनेटर मॅडम आहेत, त्या सगळ्याच पालकांना विचारतात. फॅमिली व्हॅल्यूज काय तुमच्या, मुलीचा स्क्रीन टाइम किती...

नवसाबाई : इंग्रजीत.

महेश : हो.

नवसाबाई : सूनबाई म्हणली तीनदा इचारलं. तेच, तेच, तीनदा. आणि दर बारीला आवाज वाढवून, बहिऱ्याला इचारावं तसं. तू कुठं व्हतास?

महेश : होतो. टेबलालाच होतो. तिघांत मी एक होतो.

नवसाबाई : वळखलंस त्याला?

महेश : काय विचारता काकी! जीवनला मी नाही ओळखणार? त्याच्या पाटीवर पहिला 'ग' मी गिरवून दिलाय.

नवसाबाई : मंग मराठीत इचारायचं व्हतं! 'जीवन, कसा हायेस' एवढं म्हणायचं व्हतं! तेवढ्यानं सुटला असता तो. काय करत व्हतास तू?

महेश : मी पॅनेलमध्ये ओळख दाखवली असती तर उद्या सगळं गाव म्हणालं असतं, महेश आपल्या लोकांना घुसवतो.

नवसाबाई : काय करत व्हतास?

महेश : फाईल चाळत होतो.

नवसाबाई : कशाची?

महेश : कशाचीच नाही. नुसती चाळत होतो.

(दार उघडून दीपमालाबाई आत येतात. हातात चष्मा, काखेत कागदांची फाईल.)

दीपमाला : नवसाबाई? तुमचाच आवाज म्हटलं मी. व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू येतोय. काय झालं?

नवसाबाई : या बाई. मुख्याध्यापिका तुम्ही, तुमचीच वाट बघत व्हते. तुम्हाला ठाऊक नाय काय झालं?

दीपमाला : खरंच नाही.

नवसाबाई : वेदिकाला शाळेनं नाय म्हटलं.

दीपमाला : वेदिकाला? कसं शक्य आहे? महेश, आपल्या जीवनच्या मुलीला?

नवसाबाई : माझ्याकडं बघून नका नवल करू. कागदाच्या खाली बघा. सही कोणाची हाय?

दीपमाला : ...माझी.

नवसाबाई : मला वाचता येत नाय धड, पण तुमची सही वळखते. जीवनच्या प्रगतिपुस्तकावर बघितली. दीपमालातला 'द' कसा मोठ्ठा काढता.

दीपमाला : सोमवारी पत्रांचा गठ्ठा आला होता. बावीस पत्रं. महेश म्हणाला आज टपालात पडली पाहिजेत. मी सह्या केल्या. नावं वाचली नाहीत, नवसाबाई.

नवसाबाई : वाचली नाय.

दीपमाला : नाही.

महेश : काकी, मॅडम या महिनाअखेर रिटायर होतायत. निरोप समारंभ, पेन्शनची कागदपत्रं, शंभर कामं आहेत त्यांच्यामागे. त्यांच्यावर चिडू नका. जे आहे ते मला बोला.

नवसाबाई : तुला बोलून झालं. आता तू गप ऱ्हा जरा. बाई, तुम्ही मला एक सांगा. फारमाबरोबर तुम्ही ही रंगीत चोपडी देता. हिच्यात 'आमचा इतिहास' म्हणून एक पान हाय. सूनबाईनं परवा मला वाचून दाखवलं. महेश, वाच रे, बाईंसमोर वाच.

महेश : राहू द्या ना काकी.

नवसाबाई : वाच!

महेश : "सन १९९० साली, नाशिकच्या निसर्गरम्य परिसरात, फुलांच्या मळ्यातील एका छोट्याशा शेडमध्ये, या ज्ञानवृक्षाचे बीज रोवले गेले. काळाची गरज ओळखून संस्थेने २००३ साली त्याचे अद्ययावत प्रिपरेटरी स्कूलमध्ये रूपांतर केले."

नवसाबाई : झालं?

महेश : झालं. पुढं स्मार्ट बोर्ड आणि स्केटिंगचं आहे.

नवसाबाई : शेड कोणाची, लिव्हलंय? नाय. बी कशापायी रोवलं, लिव्हलंय? नाय. तुला तरी ठाऊक हाय का रे, शाळा कशानं सुरू झाली?

महेश : जीवनला गावातल्या मोठ्या शाळेनं घेतलं नव्हतं. मग मॅडम आल्या. एवढंच ऐकलंय.

नवसाबाई : एवढंच नाय. आज ऐक. सहा वर्साचा व्हता जीवन. त्याच्या बापाची लय इच्छा, पोरगं मोठ्या शाळेत घालायचं. नवी चड्डी, नवा सदरा, केसाला तेल. पहाटे फूलबाजारात माल टाकला आणि त्याच टेम्पोतून तसेच शाळेत गेलो. आम्हाला बाहेर बसवलं, त्याला आत नेलं. दार उघडं व्हतं. तिघीजणी टेबलाला बसलेल्या. एकीनं इचारलं, दूध कोण देतं? पोरगं म्हणलं, बानू. बानू आमची म्हैस. दुसरी म्हणली, बानू कोण रे बाळा, तुझी आई का? आणि मंग हसल्या. तिघी. एकीनं तर तोंडाला पदर लावला. मी बाहेरून ऐकते. त्याचा बाप मान खाली घालून बसला.

महेश : हे मला माहीत नव्हतं, काकी.

नवसाबाई : कसं ठाऊक असंल? चोपडीत कुठंय? सव्वा महिना पोरगं बोललं नाय. सव्वा महिना! शेवंतीच्या सरीत जाऊन बसायचा लपून. कोणी पाव्हणं आलं की सरीत. मी देवाला नारळ बोलले, बाहेरचं बघितलं, सरकारी दवाखान्यात नेला. डॉक्टर म्हणला जीभ ठीक हाय. आणि एक दिवस सकाळी मी शेडमध्ये जुड्या बांधते, तर या बाई समोर उभ्या. सुती साडी, हातात पिशवी. म्हणल्या, जीवन इथंच राहतो का? मी त्याला शिकवायला आले. कोण, कुठल्या, मी इचारलं पण नाय. मला वाटलं देवानं धाडली.

दीपमाला : नवसाबाई...

नवसाबाई : मला बोलू द्या. नाशिकरोडवरून यायच्या. सीबीएसला एसटी बदलायची, पुढं नाक्यापासून मळ्यापत्तुर चालत. आधी एकटा जीवन. मंग शेजारच्या कुसाबाईची दोन. मंग पेठकडची मजुरी करणारी माणसं, त्यांची चार. सालभरात एकवीस पोरं झाली. फुलांचा पसारा एका अंगाला, पोरं दुसऱ्या अंगाला. मोठ्या शाळेत मुलाखतीला काय इचारतात, कसं बोलायचं, घाबरायचं नाय, सगळी तयारी या करून घ्यायच्या. म्हणून तयारी शाळा. तूच रंगवलीस ना पाटी?

महेश : मीच. कॉलेजात होतो तेव्हा. पत्र्यावर ऑइलपेंटनं. 'तयारी'तला 'री' लहान आला होता.

नवसाबाई : ज्या मुलाखतीपायी पोरांची तयारी केली, तीच मुलाखत आता तुम्ही घेता. त्याच जागेत. आणि त्याच पोराची परत. काय नाव दिलं व्हतं तुम्ही याला, ज्ञानवृक्ष? म्हैस बरी. बानूनं कधी कोणाला हसून घराबाहेर नाय काढलं. का नाय लिव्हलं हे चोपडीत? लाज वाटली माझ्या पोराची?

महेश : काकी, एक मिनिट. इतिहास मी लिहिला नाही. मॅडमनी लिहून दिलाय. उलट मी म्हणालो होतो, जीवनचं घाला त्यात, लोकांना भिडतं असं. मॅडम नको म्हणाल्या.

नवसाबाई : बाई?

दीपमाला : हो. मी नको म्हणाले.

नवसाबाई : का?

दीपमाला : कारण मग पूर्ण लिहावं लागलं असतं.

नवसाबाई : पूर्णच लिव्हायचं. त्यात काय?

दीपमाला : नवसाबाई, त्या दिवशी टेबलाशी तिघी होत्या म्हणालात. दोघींची तोंडं दाराकडे होती. तिसरीची पाठ होती. आठवतं?

नवसाबाई : एवढं कोण बघतंय.

दीपमाला : मला आठवतं. कारण ती पाठ माझी होती.

महेश : मॅडम...

दीपमाला : तू थांब, महेश. मी त्या शाळेत तिसऱ्या वर्षाची शिक्षिका होते. अजून कायम झाले नव्हते. मुख्याध्यापिका मुलाखती घेत होत्या आणि मला म्हणाल्या, तुम्ही बसा शेजारी, शिका. सकाळपासून त्रेचाळीस मुलं झाली होती. त्या कंटाळल्या होत्या. मला वाटलं, आपण काहीतरी गमतीचं बोलावं, त्यांना हसवावं. बानू कोण रे बाळा, तुझी आई का, ते मी म्हणाले. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, मला खरंच माहीत नाही. तो समजावून सांगायला लागला. म्हैस आहे, काळी आहे, तिच्या कपाळावर पांढरं आहे, असं. आणि आम्ही हसत होतो. मग तो अर्ध्या वाक्यात थांबला. तो थांबला ते मी पाहिलं. शेरा लिहायला कागद माझ्यापुढे सरकवला गेला. मी लिहिलं, 'प्रतिसाद नाही'.

नवसाबाई : तुम्ही.

दीपमाला : मी. महिनाभर झोप नीट लागली नाही. राजीनामा दिला, फॉर्मवरून तुमचा पत्ता काढला आणि आले. त्याच दिवशी सांगायचं ठरवून आले होते. तुम्ही भाकरी वाढलीत. म्हटलं उद्या सांगू.

नवसाबाई : एकोणीस वर्सं.

दीपमाला : हो.

नवसाबाई : एकोणीस वर्सं उद्या सांगू! माझ्या चुलीम्होरं बसून भाकरी खाल्ली! सणाला तुमची ओटी भरली मी, माझ्या बहिणीच्या आधी! माझा मालक मरताना म्हणला, बाईंना जागा दिली ते लय चांगलं केलं आपण. मरताना! त्याचं तोंड आठवतं का तुम्हाला, त्या बाकावर बसलेला? तुम्हाला कशानं आठवंल, तुमची पाठ व्हती!

दीपमाला : तुम्ही बोला. मला ऐकलंच पाहिजे.

नवसाबाई : मोठ्या आल्या ऐकणाऱ्या! त्या दिवशी हसलात, एक वेळ म्हणीन चुकलं. माणूस हाय, चुकतं. पण परवा? परवा त्याचीच पोरगी, तोच कागद, तोच शेरा, आणि खाली तुमचा मोठ्ठा 'द'. तवा निदान पोराकडं बघून लिव्हलं व्हतं. आता तर बघितलं पण नाय!

दीपमाला : नाही बघितलं.

महेश : आता पुरे, काकी. खूप झालं. मला पण बोलायचंय.

नवसाबाई : तुझं काय आता?

महेश : सगळे मिळून मलाच दोषी धरा. हरकत नाही. पण एक विचारतो. २००१ साली तयारी शाळेत पोरं किती होती? सांगा मॅडम.

दीपमाला : अकरा.

महेश : अकरा! का? आपलीच माणसं गावातल्या इंग्लिश मीडियमला व्हॅननं पोरं पाठवायला लागली. द्राक्षबागवाल्यांची गेली, भाजीवाल्यांची गेली. काकी, तुमच्या थोरल्याचा हर्षल कुठं गेला?

नवसाबाई : ...व्हॅननं गेला.

महेश : रोज सकाळी शेडसमोरून जायची ती व्हॅन! मॅडम दारात उभ्या आणि हर्षल आतून हात हलवायचा. तेव्हा तुम्ही का नाही थांबवली? माझ्या वडिलांनी, केरू सरपंचांनी, ही संस्था रजिस्टर केली होती, ती माझ्या डोळ्यांसमोर बंद पडत होती. मी त्या शेडमध्ये शेणानं सारवलंय, काकी! मी नाव बदललं, बूट-टाय आणला, मुलाखत ठेवली. मुलाखत ठेवल्याबरोबर लोकांच्या रांगा लागल्या. ज्या शाळेत सहज जागा मिळते ती लोकांना शाळाच वाटत नाही. हे मी नाही शिकवलं कोणाला.

नवसाबाई : खरं हाय तुझं. हर्षलला पाठवलं ते चुकलंच आमचं. थोरली सूनबाई अडून बसली आणि मी गप बसले. पण माझ्या चुकीला तू कुंपण घातलंस महेश, आणि आम्हालाच बाहेर ठेवलंस.

महेश : म्हणून तर म्हणतो, वेदिकाला घेतो. आत्ता घेतो.

नवसाबाई : बावीस म्हणाल्या बाई. बाकीची एकवीस कोण?

महेश : आता त्यांचं काय?

नवसाबाई : नावं वाच. नावं आणि शेरा.

महेश : काकी, हे बरोबर नाही.

दीपमाला : दे इकडे. मी वाचते. सोमवारीच वाचायला हवी होती. "जयराम यांचा मुलगा. गाव पेठ तालुका, राहणार रोपांच्या नर्सरीवर. पालक अशिक्षित."

नवसाबाई : जयराम माझ्या शेजारच्या मळ्यात कलमं बांधतो. एका दिवसात दोनशे बांधतो. पुढं.

दीपमाला : "पुतळाबाई यांची नात. आई-वडील नाहीत. फॉर्मवर अंगठा."

नवसाबाई : पुढं.

दीपमाला : "भिमाजी यांचा मुलगा. बोट तोंडात घालतो." "मुलगी रडली." "मुलगा आईला सोडेना." "मुलाने उलट प्रश्न विचारले." महेश, हे कारण आहे?

महेश : मी नाही लिहिलं ते.

दीपमाला : नाही. मी सही केली त्यावर. पुढचं, "भाषा अशुद्ध." "भाषा अशुद्ध." "भाषा अशुद्ध." ...बस झालं. महेश, प्रवेशाचं रजिस्टर काढ.

महेश : कशाला?

दीपमाला : एकतीस मेपर्यंत मी मुख्याध्यापिका आहे. प्रवेश द्यायचा अधिकार नियमात अजून माझा आहे, कमिटीचा नाही. बावीसही नावं आज चढणार.

महेश : मॅडम, चाळीसचा वर्ग भरलाय. बसवणार कुठं?

दीपमाला : संगीताची खोली पेटी बिघडल्यापासून बंद आहे. दुसरी तुकडी तिथे, दुपारची. आपल्या शिक्षिका लताबाई दोन वर्षं दुपारची वेळ मागतायत.

महेश : जूनच्या मीटिंगमध्ये कमिटी सगळे प्रवेश रद्द करेल.

दीपमाला : करू दे. रजिस्टरला चढलेलं नाव काढायचं तर कारण लेखी द्यावं लागतं, सहीनिशी. 'भाषा अशुद्ध' असं लिहून खाली कोण सही करतं ते मला बघायचंय. तू करशील?

महेश : नाही.

दीपमाला : मग काढ रजिस्टर.

महेश : निरोप समारंभाला प्रमुख पाहुणे ठरलेत, मॅडम. कमिटी तो पण रद्द करेल. एवढ्या वर्षांनी असं जायचंय तुम्हाला?

दीपमाला : एवढ्या वर्षांनी बावीस पत्रांवर न बघता सही करून मी जातच होते. त्याहून वाईट काय व्हायचंय?

महेश : ...रजिस्टर डाव्या कपाटात आहे. शिक्का वरच्या खणात. कपाटाला कुलूप नाही. मी चहा घ्यायला नाक्यावर जातोय, अर्धा-पाऊण तास लागेल. कोणी विचारलं तर मी इथं नव्हतो.

नवसाबाई : परत फाईल चाळायला चाललास व्हय?

महेश : काकी... तेवढंच जमतं हो मला. जीवनला सांगा, नको, काही सांगू नका. येतो.

नवसाबाई : गेला. केरूचा पोरगा हाय, बापासारखाच. वाईट नाय आणि कामाचा पण नाय.

दीपमाला : नवसाबाई, बसा ना आता. मला नावं सांगायला लागा. पुतळाबाईंच्या नातीचं पूर्ण नाव इथं नाही.

नवसाबाई : उभीच बरी हाय मी. रंजना नाव तिचं. आणि असं नका समजू की बावीस नावं लिव्हली आणि फिटलं.

दीपमाला : नाही समजत.

नवसाबाई : मी घरी गेल्यावर अजून चिडणार हाय. आता नुसतं डोकं भणभणतंय. रात्रीला एकेक आठवंल.

दीपमाला : तुम्ही माफ करावं असं मी म्हणणारही नाही.

नवसाबाई : माझी कशाला मागता? हसलात ते माझ्यावर नाय.

दीपमाला : त्याला माहीत आहे का? ती मी होते हे?

नवसाबाई : मला काय ठाऊक! सहा वर्साचं पोर, टेबलाच्या पलीकडं तीन बाया. तुमच्याकडं शिकला, तुमच्या हाताला धरून पहिलीत गेला. कधी बोलला नाय माझ्यापाशी. वळखलं असंल, नसंल.

दीपमाला : एकदा, दुसरीत असताना, त्यानं मला विचारलं होतं. बाई, तुम्हाला बानू माहीतय ना? मी म्हणाले, माहीत आहे. तो म्हणाला, मग ठीक. त्याला मी सांगायला हवं.

नवसाबाई : तुम्हीच सांगायचं. मी सांगणार नाय. माझ्या तोंडून ते निघणार नाय.

दीपमाला : आज येऊ?

नवसाबाई : आज पयली पाळी हाय, साडेपाचला घरी येतो. या. चहा मिळंल का नाय ते सांगत नाय.

दीपमाला : नको चहा. तो काही बोलला नाही तर?

नवसाबाई : नाय बोलणार लगेच. तवा परत इचारू नका, आणि उठून पण जाऊ नका. बसून ऱ्हा.